ऐतिहासिक छायाचित्रसंग्रह : जतन आणि नोंद

महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनाने कागदाला जो मान दिला, तो छायाचित्राला दिलेला नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. वाड्यांच्या माळ्यांवरून आणि दप्तरांच्या गाठोड्यांतून जुने कागद मिळवावे, त्यांचे अक्षर व मायना पाहावा, तिथी पडताळावी आणि मगच त्यांवर निष्कर्ष उभारावा, ही शिस्त या काळात अभ्यासकांच्या अंगवळणी पडली. त्याच माळ्यांवर आणि त्याच पेट्यांत छायाचित्रेही पडून होती. ती मात्र पुष्कळदा ग्रंथाची शोभा वाढविणारी सामग्री म्हणूनच पाहिली गेली. पत्राला जे प्रश्न विचारले जातात, ते चित्राला विचारावेत असे क्वचितच कोणास वाटले.

वस्तुतः छायाचित्र हे एकाच वेळी वस्तूही असते आणि विधानही असते. काच, कागद, चांदी व जिलेटिन यांनी घडलेली ती एक नाजूक वस्तू होय. आणि ‘अमुक व्यक्ती, अमुक स्थळी, अमुक समयी होती’ असे सांगणारे ते एक विधान होय. वस्तूचा नाश दमट हवेने, उष्णतेने व निष्काळजी हातांनी होतो. विधानाचा नाश त्याहून लवकर होतो, कारण ते चित्राखालच्या, पाठीमागच्या किंवा पाकिटावरच्या चार शब्दांवर अवलंबून असते. ते शब्द नाहीसे झाले की चित्र शाबूत असूनही मुके होते. म्हणून छायाचित्रसंग्रहाचे जतन म्हणजे चित्राचे आणि त्याच्या नोंदीचे एकत्रित जतन होय, ही या विवेचनाची भूमिका आहे.

१. पश्चिम भारतातील संग्रह

छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये युरोपात जाहीर झाला आणि सुमारे पंधरा वर्षांनी, म्हणजे १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या कलेचे शिक्षण सुरू झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही त्या पहिल्या पिढीतील मराठी नावे होत. १८५५ मध्येच मुंबई सरकारने तोफखान्यातील अधिकारी टॉमस बिग्ज यांच्याकडे विजापूर, बदामी, ऐहोळे इत्यादी ठिकाणच्या वास्तूंची छायाचित्रे घेण्याचे काम सोपविले. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्या रॉबर्ट गिल यांची लेणीविषयक छायाचित्रे १८६४ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. त्यांनी रंगविलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ च्या डिसेंबरात लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. एकच प्रत एकाच ठिकाणी ठेवण्याचा धोका याहून स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण शोधावे लागणार नाही.

पुढे राजा दीनदयाळ यांनी इंदूर व हैदराबाद येथील कामानंतर १८९६ मध्ये मुंबईत चित्रशाळा उघडली. त्यांच्या सुमारे २,८०० काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये मिळविल्या. दीनदयाळ यांच्या चित्रशाळेची शिस्त येथे लक्षात घेण्याजोगी आहे. क्रमांक व स्थळाचे नाव निगेटिव्हवरच लिहिण्याची तिची पद्धत होती. त्यामुळे तिच्यावरून निघालेल्या प्रत्येक प्रतीवर ते आपोआप उमटे. प्रती जगभर विखुरल्या तरी त्यांची ओळख बव्हंशी टिकून राहिली, याचे श्रेय या साध्या सवयीला द्यावे लागते.

२. वस्तूची घडण

जतनाचा विचार करणाऱ्याने प्रथम आपल्या हाती कोणत्या जातीचे चित्र आहे हे ओळखले पाहिजे. सामान्यतः छायाचित्राचे तीन घटक असतात : आधार, म्हणजे काच, कागद, धातू किंवा फिल्म, प्रतिमेचे द्रव्य, म्हणजे बहुधा चांदीचे अतिसूक्ष्म कण, आणि ते कण आधारावर धरून ठेवणारा थर. या थरावरून चित्राचा काळही ठोकळमानाने सांगता येतो. १८५० नंतरच्या सुमारे चाळीस-पंचेचाळीस वर्षांतील पुष्कळशा कागदी प्रती अंड्यातील पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या आहेत. त्या पिवळसर पडतात व त्यांचा कागद गुंडाळू लागतो. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी कलोडियनची ओली काच प्रचारात आणली. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेचा मार्ग दाखविला, आणि पुढे जिलेटिन हाच प्रमुख थर ठरला.

जिलेटिन पाणी शोषून फुगते, चिकट होते आणि बुरशीला अन्न पुरविते. चौकटीत काचेला टेकून बसविलेले चित्र पावसाळ्यात काचेलाच चिकटते, ते यामुळे. चांदीच्या कणांचा शत्रू निराळा. दमट हवा, गंधकयुक्त वायू, ताज्या रंगाचे बाष्प, तसेच नीट न धुतल्यामुळे राहून गेलेला हायपो यांच्या योगे चांदीचे कण विरघळून दुसरीकडे सरकतात. चित्र फिके व तांबूस होते आणि काळ्या भागांवर, विशेषतः कडांना, निळसर आरशासारखी झिलई चढते. ही झिलई मळ नसून प्रतिमेतलीच चांदी होय. ती पुसून काढणे म्हणजे चित्राचाच अंश पुसणे.

फिल्मची गोष्ट अधिक गंभीर आहे. १८८९ पासून प्रचारात आलेली नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही असते. ती जळताना लागणारा प्राणवायू स्वतःच पुरविते, म्हणून पाण्याने सहजी विझत नाही. कुजत चाललेली अशी फिल्म सुमारे ४१ अंश सेल्सियसच्या वर दीर्घकाळ राहिल्यास आपोआप पेट घेऊ शकते, आणि विदर्भ-खानदेशातील उन्हाळा या अंशाच्या पुढे जातो. २००३ च्या जानेवारीत पुण्यात जुन्या नायट्रेट चित्रपटांना लागलेल्या आगीत अनेक दुर्मिळ बोलपट-मूकपट नष्ट झाले. स्थिरचित्रांच्या सुट्या फिल्मांचा धोका त्या मानाने कमी असला, तरी त्या वेगळ्या काढून थंड जागी ठेवणे अगत्याचे असते. नायट्रेटच्या जागी आलेली ॲसिटेट फिल्म सहजी पेट घेत नाही. पण ती कुजू लागली की तिला शिर्क्याचा वास येतो, ती आखडते आणि वरचा थर सुरकुततो. हे अम्ल शेजारच्या फिल्मांसही बाधते. म्हणून पेटी उघडताच आंबट वास आला, तर ती पेटी त्याच दिवशी इतरांपासून दूर करावी.

३. हवा आणि पाऊस

थंड, कोरडी व स्थिर हवा हा सर्व उपायांचा पाया होय. कृष्णधवल कागदी प्रतींना साधारणतः १८ अंशांच्या आसपासचे तापमान आणि ३० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. रंगीत चित्रे व फिल्म यांना त्याहून पुष्कळ कमी तापमान हवे असते, कारण रंगद्रव्ये अंधारातही फिकी पडत जातात. मुंबईत व कोकणात जुलै महिन्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, आणि ६५ ते ७० टक्क्यांच्या पुढे बुरशीला मोकळे रान मिळते. म्हणजे वर्षातील चार महिने निसर्ग संग्रहपालाच्या विरुद्ध उभा असतो.

यावर वातानुकूलन यंत्र हा एकच उपाय, असे समजण्याचे कारण नाही. कार्यालयाच्या वेळेपुरते यंत्र चालवून रात्री बंद करणे हे काही वेळा न चालविण्याहून वाईट ठरते. रोजच्या चढउताराने थर व आधार निरनिराळ्या प्रमाणात आकुंचन-प्रसरण पावतात आणि थराला तडे जातात. उलट इमारतीच्या आतल्या बाजूची, बाहेरच्या भिंतीला व छताला न लागणारी खोली, भट्टीत रंग भाजलेली पोलादी कपाटे, जमिनीपासून सुमारे वीतभर उंचावरचा पहिला कप्पा, आर्द्रतामापकाचे रोजचे टिपण आणि घट्ट झाकणाच्या पेटीत बदलत राहिलेले सिलिका जेल एवढ्यावर लहान संस्थेलाही पुष्कळ साधता येते. पोथ्यांच्या रुमालात वेखंड ठेवण्याची आपली चाल जुनी आहे. छायाचित्रांच्या पेटीत मात्र वेखंड, कापूर किंवा डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत, कारण त्यांचे बाष्प बंद जागेत चित्राला बाधण्याचा संभव असतो. नव्या लाकडाचे कपाटही अम्लयुक्त बाष्प सोडते, म्हणून टाळावे.

पूर आणि गळती यांचा विचार आगाऊ करून ठेवावा लागतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा प्रसंगी पहिले दोन दिवस निर्णायक असतात. जिलेटिनच्या भिजलेल्या प्रती एकमेकींना चिकटून वाळू दिल्या तर त्या पुन्हा सुटत नाहीत. त्या स्वच्छ थंड पाण्यात अलग कराव्यात आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवाव्यात. कलोडियनच्या काचांना मात्र पाण्यात बुडविणे किंवा गोठविणे दोन्ही घातक असते. त्या सर्वांआधी बाहेर काढाव्यात.

४. हाताळणी आणि वेष्टने

चित्र दोन्ही हातांनी, कडांना धरून, शक्यतो हातमोजे घालून उचलावे. काचेच्या निगेटिव्ह आडव्या रचू नयेत. वरच्या काचांच्या भाराने खालच्या फुटतात; म्हणून प्रत्येक काच चार पाखांच्या कागदी वेष्टनात गुंडाळून, लांब कडेवर उभी ठेवावी. फुटलेली काच तेवढी आडवी ठेवावी आणि तिचे तुकडे एकमेकांवर घासू देऊ नयेत. वेष्टनाचा कागद अम्लरहित असावा आणि छायाचित्रावर त्याचा परिणाम होत नाही याची प्रमाणित चाचणी झालेली असावी. प्लॅस्टिकपैकी पॉलिएस्टर, पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन चालतात. पीव्हीसी चालत नाही. रबरी फीत, टाचणी, चिकटपट्टी आणि डिंक यांना संग्रहात स्थान नसावे. निळ्या रंगाची सायनोटाइप प्रत अल्कधर्मी कागदात ठेवली तर तिचा निळा रंग उडतो. हा अपवाद ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

निगेटिव्हच्या सफाईत विशेष संयम हवा. जुन्या काचांवर लाल रंगाचे पट्टे, काळ्या कागदाच्या चकत्या व शिसपेन्सिलीच्या रेघा आढळतात. अनभिज्ञ कर्मचाऱ्यास तो मळ वाटतो. वास्तविक कलोडियनची काच निळ्या प्रकाशाला अतिशय संवेदनशील असल्यामुळे आकाश डागाळलेले येई आणि छायाचित्रकार ते रंगाने झाकून घेई. लेखकाने हस्तलिखितात केलेल्या खाडाखोडीइतकेच या खुणांचे मोल आहे. लेप नसलेली काचेची बाजू तेवढी पुसावी. लेपाची बाजू मऊ कुंचल्यापलीकडे कशानेही शिवू नये.

५. नोंदीचे शास्त्र

येथवर सांगितलेले उपाय वस्तूचे झाले. विधानाच्या जतनासाठी पाठचिकित्सेतील पद्धतीच उपयोगी पडते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली व १९६६ मध्ये पूर्णत्वास नेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्या तत्त्वावर उभी आहे, तेच तत्त्व येथे लागू होते : उपलब्ध प्रतींचे परस्परसंबंध ठरवावेत, पाठ जसा आहे तसा नोंदवावा, आणि संपादकाची भर मूळ पाठात मिसळू देऊ नये. निगेटिव्ह ही छायाचित्राची मूळ प्रत. तिच्यावरून काढलेले छाप ही पहिली पिढी. छापावरून पुन्हा काढलेली चित्रे ही पुढची पिढी. प्रत्येक पिढीत काही कापले जाते, काही रंगविले जाते. विल्यम जॉन्सन यांनी १८६३ व १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुंबईतील जातिजमातींविषयीच्या दोन खंडांत चित्रशाळेत घेतलेल्या व्यक्तींच्या प्रतिमा शहरातील निराळ्या दृश्यांवर बसविलेल्या आहेत. तेथे माणूस खरा, स्थळ खरे, पण दोहोंचा संयोग बनविलेला. केवळ छाप पाहून त्यावर विश्वास ठेवणारा अभ्यासक फसतो.

चित्राखालील मजकूर भाषिक दृष्ट्या विलक्षण परावलंबी असतो. ‘डावीकडून तिसरे ती. अण्णा, मागे आपला वाडा’ अशा धर्तीची ओळ कुटुंबातल्या वाचकाला पूर्ण अर्थ देते. बाहेरच्या वाचकाला तीत एकही स्थिर खूण मिळत नाही. ‘आपला’ म्हणजे कोणाचा, हे बोलणारा कोण यावर ठरते. ‘अण्णा’, ‘तात्या’, ‘नाना’ ही घराघरांत पुन्हा पुन्हा येणारी संबोधने होत, विशेषनामे नव्हेत. ‘डावीकडून’ हा शब्ददेखील निर्धोक नाही. निगेटिव्ह उलट्या बाजूने छापली गेली तर डावे उजवे होते आणि तिसऱ्याचे नाव भलत्यालाच लागते. अशा वेळी दुकानावरच्या पाटीतील अक्षरे, अंगरख्याच्या बंदांची बाजू किंवा पदर कोणत्या खांद्यावर आहे हे पाहून चित्र सुलटे की उलटे ते ताडावे लागते. अशा दर्शक शब्दांचा अर्थ जाणणारी शेवटची व्यक्ती हयात आहे तोवरच तो विचारून घेता येतो. बुरशी लागलेल्या चित्रावर काही उपाय तरी असतो, विस्मरणावर नाही.

या विस्मरणाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. दरबार, परिषद किंवा संस्थेचा वर्धापनदिन यांच्या चित्राखाली मानकऱ्यांची नावे ओळीने येतात. मागे उभ्या असलेल्या सेवकाचे नाव येत नाही. कुटुंबाच्या चित्रात स्त्रियांची नोंद बहुधा ‘अमुकांचे कुटुंब’, ‘मातोश्री’, ‘थोरल्या वहिनी’ अशीच असते. लग्नात नाव बदलण्याच्या चालीमुळे एकाच स्त्रीची बालपणीची व संसारातली चित्रे दोन निराळ्या नावांखाली विभागली जातात. वॉटसन व के यांनी संपादिलेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या १८६८ ते १८७५ मधील आठ खंडांत तर अनेक माणसे केवळ जातीचे वा जमातीचे नमुने म्हणून उभी आहेत. संग्रहपालाने सूची करताना हीच वगळ पुन्हा केली, तर ती कायमची होते. म्हणून ज्यांची नावे मिळाली नाहीत त्यांचीही गणना करून ‘नाव अज्ञात’ अशी स्वतंत्र नोंद ठेवावी. रिकामी ठेवलेली जागा पुढे भरता येते. ठेवलीच नाही तर ती कोणास दिसतही नाही.

नोंदीचे काही नियम यावरून निघतात. मूळ मजकूर त्याच्या लिपीत, शुद्धलेखनासह, जसाच्या तसा उतरावा. तो मोडीत असेल तर मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्यावे, आणि मूळ पाठीचेही चित्र घ्यावे. स्थळनामांचे आधुनिक रूप निराळ्या रकान्यात द्यावे. इंग्रजी अमदानीत ‘बॅसीन’ हे नाव कोकणातील वसईलाही होते आणि ब्रह्मदेशातील एका बंदरालाही. संग्राहकाने घाईने ‘वसई’ असे सुधारून लिहिले, तर शंकेला जागाच उरत नाही. तिथीचे रूपांतर करताना शकाच्या अंकात सरसकट ७८ मिळवून भागत नाही. शके १८१९ चा चैत्र हा १८९७ मधला, पण त्याच शकातला फाल्गुन १८९८ मधला. नवी माहिती कोणी, केव्हा व कशाच्या आधारे दिली हे प्रत्येक वेळी लिहावे. चित्राच्या पाठीवर काही लिहिणे भागच असेल तर ते मऊ शिसपेन्सिलीने, कडेला लिहावे. शाई किंवा बॉलपेन वापरू नये.

शेवटचा नियम क्रमाचा. लिनियस ट्राइप यांनी १८५८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या जोत्यावरील शिलालेख २१ छापांत टिपला आणि ते छाप जोडून सुमारे १९ फूट लांबीचा पट केला. ते सुटे झाले असते व क्रम हरवला असता, तर प्रत्येक अक्षर स्पष्ट असूनही लेख तुटला असता. कौटुंबिक आल्बम हाही असाच एक लेख होय. कोणते चित्र कोणाशेजारी लावले, कोणते काढून घेतले, यातही अर्थ असतो. आल्बमची पाने निकृष्ट कागदाची आहेत म्हणून चित्रे काढून विषयवार लावण्याचा मोह होतो. तसे करणेच भाग पडले, तर आधी प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे व मूळ क्रमांक नव्या वेष्टनावर लिहावा.

६. अंकीय प्रत

अलीकडे संगणकीय प्रत काढणे सुलभ झाले आहे. तिचा खरा लाभ असा की, मूळ चित्र वारंवार हाताळावे लागत नाही आणि गिल यांच्या प्रतिकृतींप्रमाणे एका आगीत सर्वस्व जात नाही. परंतु ही प्रत मूळ वस्तूची जागा घेत नाही. कागदाचा पोत, पाठीवरचे शिक्के, थराची जात हे सर्व मूळातच राहते. शिवाय अंकीय प्रतीलाही आयुष्य असते. तिच्या निदान तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी ठेवावी व ठरावीक काळाने ती उघडून पडताळावी. प्रतिमेच्या नावात मूळ दाखल-क्रमांक असावा, आणि चित्राची पाठ व पाकीट यांची प्रत मुखपृष्ठाच्या प्रतीइतकीच आवश्यक मानावी. हजारो प्रतिमा काढल्या पण नोंदवहीशी त्यांचा सांधा जुळला नाही, तर जुन्या पेटीतला गोंधळ नव्या पेटीत गेला, इतकेच म्हणता येईल.

सारांश, अपुऱ्या द्रव्यबळाच्या संस्थेने कामाचा क्रम ठरविताना मोठ्या यंत्रसामग्रीपासून आरंभ करण्याची गरज नाही. प्रथम आंबट वासाची व बुरशीची पेटी वेगळी करावी. मग दाखल-क्रमांक द्यावेत. मग प्रत्येक चित्राची पाठ वाचून उतरून घ्यावी. आणि त्याबरोबरच त्या कुटुंबातील, गावातील किंवा संस्थेतील वृद्धांकडे चित्राच्या प्रती घेऊन जावे. कपाटे व वेष्टने पुढील वर्षीही विकत घेता येतात. मागच्या रांगेत, खांबाला टेकून उभी असलेली ती मुलगी कोण, हे सांगू शकणारी व्यक्ती पुढील वर्षी असेलच असे नाही.